सी प्लसला कारण हवं

२३ डिसेंबर

सी प्लस! बायोकेमिस्ट्रीत. जिला डॉक्टर व्हायचंय तिला. शिवाय स्टॅटिस्टिक्समध्ये बी मायनस, तो आपला तोंडी लावायला.

सकाळी निकाल लागला. मी फोन पालथा ठेवला, दात घासले, फोन परत उचलला. तेच होतं.

घरात सांगितलं. बाबा म्हणाले, "ठीक आहे." त्यांचं हे 'ठीक आहे' मी दहावीपासून ओळखते, त्यात काही ठीक नसतं. आईने पोह्यांची बशी पुढे केली. राधिका म्हणजे माझी धाकटी बहीण, वय सोळा, मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर देणारी. ती म्हणाली, "ताई, ओन्ली वन सेम. चिल लाह." हिला काय जातंय!

मग नळ सोडून बाथरूममध्ये रडले. बिशानमधल्या आमच्या मजल्यावर सगळ्यांना वाटलं असेल, या इंडियन लोकांकडे सकाळी सकाळी केवढे कपडे धुतात.

२४ डिसेंबर

ही वही मराठीत लिहायची, म्हणजे राधिकाला वाचता येणार नाही. आई-बाबांना येईल. म्हणजे जिला सगळं माहीत आहे तिच्यापासून लपलं, आणि ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना उघडं. एवढी अक्कल असल्यावर सी प्लस यायचाच.

२७ डिसेंबर

आज स्वतःच्या मूर्खपणाचा इतिहास लिहून ठेवते.

आमच्या युनिव्हर्सिटीत एक सोय आहे. मोजक्या काही विषयांचे ग्रेड झाकता येतात. मग गुणपत्रकावर नुसतं 'पास' दिसतं आणि तो विषय जीपीएमध्ये धरत नाहीत. पहिल्या वर्षी वापरली नाहीत तर थोडी झाकणं पुढे नेता येतात. शहाणी मुलं ती वाईट दिवसांसाठी राखून ठेवतात.

मी सगळी पहिल्याच वर्षी उडवली. कशावर? बी प्लसवर! एक तर ए मायनसवर!! मला पाचपैकी पाच जीपीए हवा होता, कुठे डाग म्हणून नको. तेव्हा अनुया मॅडम, म्हणजे मीच, कॅन्टीनमध्ये सांगत होत्या, "मी बी प्लस ठेवत नाही." आता शेवटच्या वर्षाला सी प्लस घेऊन मॅडम उघड्यावर उभ्या आहेत आणि झाकायला रुमालसुद्धा नाही.

३० डिसेंबर

बाबांनी एक्सेल उघडलं. तुआसच्या कारखान्यात कुठलं मशीन कधी बिघडेल याचा अंदाज बांधणं हे त्यांचं काम. सध्या माझा बांधतायत.

पुढच्या सेमिस्टरला सगळे ए आले तरी मी होते तिथे परत पोचत नाही. मेडिकलच्या प्रवेशाला किती जीपीए लागतो? कुणालाच नक्की माहीत नाही. नेटवर एक जण म्हणतो, एका सेमिस्टरने काही फरक पडत नाही. दुसरा म्हणतो, माझ्या मित्राचं एकच सेमिस्टर खराब गेलं, तो आता विमा विकतो. मी दोघांवरही विश्वास ठेवला. दहा मिनिटं पहिल्यावर, मग रात्रभर दुसऱ्यावर.

४ जानेवारी

मरीन परेडला मीनलकाकूंकडे गेलो. त्यांची जाई मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मला जायचंय तशीच आधी पदवी घेऊन गेलेली. काकूंनी माझ्या पाठीवर हात फिरवला – "अगं होतं असं. जाईचं कधी झालं नाही, पण होतं."

जाई मात्र भली आहे. मला गच्चीत नेऊन म्हणाली, "एक सेमिस्टर पडलं तर पडलं. त्यानंतर वर आलीस का, हे बघतात. आणि का पडलीस, तेही. अर्जात एक जागा असते, विशेष परिस्थिती काही होती का अशी. कारण असेल तर लिही."

"लोक काय लिहितात?"

"आजारपण. घरातलं कुणी गेलं. असं."

"माझ्या घरातलं कुणी गेलं नाही."

"मग रिकामी ठेव."

रिकामी! म्हणजे वाचणाऱ्याला कळणार की हिला कुठलंही संकट आलं नव्हतं. ही मुळातच अशी आहे.

५ जानेवारी

खरं कारण: हॉस्टेलवर राहायला मिळालं, फ्लोअरबॉल खेळले, नाटकाचे पडदे रंगवले, आणि एन्झाइम्स आपल्याला कळतात असं वाटत राहिलं.

११ जानेवारी

आज जेवताना घरादाराने माझ्यासाठी संकट शोधलं. व्हिडिओवर कोथरूडहून आजी होती.

आजी – "माझा गुडघा घाल की! बदलला ना सप्टेंबरात."

बाबा – "आई, तो मे महिन्यात बदलला."

"कोण येतंय कोथरूडला तपासायला?"

राधिका म्हणाली, "से युअर हॅमस्टर डाइड." मी म्हटलं, माझ्याकडे हॅमस्टर नव्हता. "सी? सो सॅड ऑलरेडी!"

एवढं हसलो की बाबांना ठसका लागला. आई मधेच उठून भांडी घासायला गेली. तिला हा थिल्लरपणा आवडत नाही. मग बाबा एकदम गंभीर झाले. म्हणाले, "खोटं काही लिहायचं नाही."

ठीक आहे. खोटं नाही. खरंही नाही. मग उरलं काय?

१५ जानेवारी

काल मंडळाची संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला आणि जीपीए विचारा. बँकवाले निशिकांतकाका म्हणाले, "बॅकअप म्हणून फायनान्स बघ हं. आम्ही काय वाईट आहोत?" मी हसून लाडू तोंडात कोंबला. दोन कोंबले. बोलता येऊ नये म्हणून.

२२ जानेवारी

नवीन सेमिस्टर सुरू. हॉस्टेल सोडलं, आता घरून जाऊन-येऊन करते. एमआरटीच्या गाडीत उभ्याने एन्झाइम्स वाचते. शेजारचे आजोबा माझ्या नोट्समध्ये डोकावले आणि उठून त्यांनी मला जागा दिली. चेहरा एवढा वाईट दिसत असेल?

बायोकेमिस्ट्रीच्या सरांना भेटले. त्यांनी जुना पेपर काढून दाखवला. मला वाटलं होतं, पेपर कठीण होता. नव्हता. मी प्रश्न न वाचता मला जे येतं ते लिहून आले होते, पानं भरभरून. सर म्हणाले, "यू ॲन्सर्ड व्हेरी कॉन्फिडन्टली." मी थँक्यू म्हणाले!! बाहेर आल्यावर कळलं, ते कौतुक नव्हतं.

२९ जानेवारी

आज थट्टा पुरे. मला खरंच डॉक्टर व्हायचंय. गेल्या सुट्टीत वॉर्डात मदतीला जायचे, व्हीलचेअर ढकलायला, पाणी द्यायला. डॉक्टर राउंड घेऊन गेले की लोक माझ्याकडे बघायचे – काय म्हणाले गं ते? मला सांगता यायचं नाही. मला तिथे उभं राहून सांगता यायला हवंय. दुसरं काही मला एवढं कधी हवंसं वाटलं नाही. आणि ते माझ्याच आळशीपणाने जाईल याची भीती वाटते.

बास. एन्झाइम्स.

२ फेब्रुवारी

'विशेष परिस्थिती'चे माझे मसुदे:

"मला अनेक आव्हानांना तोंड द्यावं लागलं." कुठल्या? कॅन्टीन बंद असायचं, त्या?

"या अपयशाने मला घडवलं." अपयश येऊन दीडच महिना झालाय, एवढ्यात घडले?

"मी प्रश्न वाचला नाही." हे एकच खरं. आणि ज्याला प्रश्न वाचता येत नाही त्याच्या हातात कुणी औषधाची चिठ्ठी लिहायला देईल का?

३ फेब्रुवारी

ठरलं. जागा रिकामी ठेवायची. बाबा म्हणाले, "ठीक आहे." या वेळी खरंच ठीक वाटलं.

४ फेब्रुवारी

अर्ज पाठवायला बसले होते. आई शेजारी येऊन बसली. म्हणाली, "त्या जागेत लिही, आई आजारी होती."

मी म्हटलं, "आई, खोटं लिहायचं नाही असं ठरलंय ना?"

"खोटं नाहीये."

सप्टेंबरात ऑपरेशन. स्तनात गाठ होती, कॅन्सरची. नंतर काही आठवडे रेडिएशन, रोज. बाबांना माहीत, राधिकाला माहीत. मला सांगायचं नाही असं ठरलं, कारण माझं शेवटचं वर्ष. परीक्षा झाल्यावर सांगणार होते, तर निकाल लागला आणि मी रडत बसले. फोनवर म्हणायची, "या शनिवारी नको येऊस, अभ्यास कर." मी खूश व्हायचे. आता बरी आहे म्हणते. रिपोर्ट दाखवले.

"लिही ना," म्हणाली. "तेवढाच उपयोग होईल त्याचा."

कसं लिहू? मला माहीतच नव्हतं. मी पडदे रंगवत होते.

जागा रिकामी ठेवून अर्ज पाठवला. मग विचारलं, दुखतं का अजून. डावा हात वर करताना दुखतं म्हणाली.