बंडू टाकव्यातच आहे

लोणावळा,
रविवार, दुपार

प्रिय अनिता,

बंडू धडधाकट आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील. मध्यंतरी थोडा लंगडत होता, आता नीट चालतो. टाकवे बुद्रुकच्या बाहेर अंबूबाईंचं भाताचं खाचर आहे. तिथल्या पेंढ्याच्या गंजीला पोखरून त्याने आत बिळासारखी जागा केली आहे आणि तिथेच झोपतो. ऊन उतरलं की अंबूबाई भाकरी ठेवतात आणि लांब जाऊन उभ्या राहतात, मग हा येऊन खातो. माणूस एक पाऊल पुढे सरकला, की ओढ्याकडे पसार. म्हणजे तो सापडला आहे, पण हाती आलेला नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पकडलात तर अंबूबाईंनाच ठेवू दे, इंदू. तो सुहासचा होता. माझ्याकडे नुसता राहत होता." आणि फोन ठेवलास. नंतरचे माझे फोन तू घेतले नाहीस. म्हणून आज कागद काढून बसले आहे. रविवारची दुपार आणि पत्र! बोर्डिंगमध्ये ह्याच वेळी सिस्टर आपल्याला घरी पत्रं लिहायला बसवायच्या, तीही इंग्रजीतून. माझ्या आईला ती वाचता यायची नाहीत, बाबा वाचून अर्थ सांगायचे. तू मात्र पत्राच्या खाली, पाकीट चिकटवायच्या आधी, बारीक मराठीत आईसाठी एक ओळ घालायचीस. मला ते कधी सुचलंच नाही.

त्या लग्नाच्या दिवसाचं तू स्वतःला फार लावून घेतलं आहेस. घरी एकटा ठेवला तर तो रडतो, म्हणून गाडीत घेऊन गेलीस, यात काय चुकलं? वरात कार्यालयाच्या दारात आली, कोणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि त्याच क्षणी ड्रायव्हरने दार उघडलं. असे पळालेले कुत्रे मी कितीतरी पाहिले आहेत. लोणावळ्याला बंगले घेऊन राहणाऱ्या पाहुण्यांचे तर दर सुट्टीला एकदोन असतातच. घाबरलेलं कुत्रं घराच्या दिशेने जात नाही, आवाजाच्या उलट्या दिशेने जातं. बंडू तळेगावला तुझ्या घराकडे न येता टाकव्याकडे गेला, याचा अर्थ त्याला घर नको होतं असा नाही. तू मनात तसाच अर्थ लावून बसली आहेस, हे मला ठाऊक आहे.

गावात त्याला शोधायला गेलो तेव्हाची गंमत तुला सांगायची राहिलीच. मी आणि हरवलेली जनावरं शोधणाऱ्या आमच्या ग्रुपमधली सारिका, दोघी पाराजवळ उभ्या राहून "बंडू, बंडू" अशा हाका मारत होतो, तर एक पागोटंवाले आजोबा घरातून बाहेर आले आणि म्हणाले, "काय वो मावशी, कोन पायजे?" मला मावशी म्हणणारे ते माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे असतील. आम्ही कुत्र्याचं सांगितलं, तर शेजारच्या ओट्यावरून अंबूबाई हसत ओरडल्या, "ह्यास्नीच घिऊन जा की! ह्ये बी खायालाच घरी येत्यात!" आजोबांचंही नाव बंडूच! तेही हसले. सुहासला हे फार आवडलं असतं. कुत्र्याचं नाव बंडू ठेवायची बुद्धी त्यालाच होऊ शकते.

त्याच दिवशी अंबूबाईंनी आपल्या खाचरातलं कुत्रं दाखवलं. फोटोशी ताडून पाहिलं, तोच होता. अंबूबाई आपल्याच वयाच्या. भावकीत जमीन वाटली गेली, तरी हे खाचर त्या स्वतः लावतात. त्यांना बंडू मनापासून हवा आहे. त्यांचं म्हातारं कुत्रं दिवाळीत गेलं आणि रानडुकरं भाताची नासाडी करतात. पण त्यांच्या घरची एक रीत आहे. आपणहून आलेल्या जनावराला खायला घालायचं, पण मालकाने तोंडाने सोडल्याशिवाय दावं बांधायचं नाही आणि नावही ठेवायचं नाही. मी त्यांना म्हटलं, मालकीण फोनवर हो म्हणाली आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्या तोंडानं न्हाई, बाई. तिनं तिच्या तोंडानं सांगावं. मंग मी आज बांधते." त्यामुळे सध्या तो कोणाचाच नाही. त्या त्याला "ए" म्हणतात.

आता मी तुझ्याकडे मागितलेल्या कपड्याचं. निवृत्त झाल्यापासून मी हे काम करते आहे आणि एक गोष्ट लोकांना पटवणं मला अजून जमलेलं नाही. भेदरलेल्या कुत्र्याला हाका मारून, मागे धावून काही होत नाही. त्याच्या माणसाचा वापरलेला, न धुतलेला कपडा तो असेल तिथे ठेवायचा. वासाने त्याचा जीव थाऱ्यावर येतो, मग तो त्या जागी टिकतो. पण आपल्या घरांतून पारोसा कपडा परक्याच्या हाती द्यायला कोणी धजत नाही! एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला नीळ घातलेला पायजमा दिला होता. तुंगार्लीच्या एका बाईंनी आमच्यादेखत "हो हो, न धुतलेलाच" म्हणत आत जाऊन कपाटातली परीटघडीची साडी आणली. त्यांची मांजर शेवटी शेजाऱ्यांच्या माळ्यावर सापडली, साडीचा काही संबंध नाही.

म्हणून तू दारातूनच ते गाठोडं माझ्या हाती दिलंस, तेव्हा गाडीत बसल्यावर मी ते उघडलं आणि मला हसू आलं आणि रडूही. सुहासचा चौकड्यांचा शर्ट. इस्त्री केलेला, बाह्या मागे दुमडलेल्या, साबणाचा घमघमाट. तो गेला तेव्हाच त्याचे सगळे कपडे तू धुऊन देऊन टाकलेस, एवढाच ठेवलास, हे तू सांगितलं होतंस. त्यात त्याचा वास कुठून असणार? तरी मी तो टाकव्याला नेला. "याचा उपयोग नाही" असं तुला म्हणायला माझी जीभ वळली नाही. गंजीजवळ गाठोडं सोडून तसंच पसरलं, खाली फडकं आणि वर शर्ट, आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाईंचा फोन. "बाई, सदऱ्याकडं त्यानं बघितलं बी न्हाई. फडकं मातर वडून न्हेलं." मी लगेच गेले. शर्ट पेंढ्यावर बाजूला पडला होता, घडीही मोडली नव्हती. आणि बंडू त्याच्या बिळाच्या तोंडाशी ते फडकं पोटाखाली घेऊन झोपला होता. अनिता, तू शर्ट ज्यात बांधून दिलास ना, तो तुझ्या जुन्या सुती साडीचा तुकडा, स्वयंपाक करताना खांद्यावर टाकतेस तो. हळदीचे डाग पडलेला. त्याला फोडणीचा वास येत होता आणि तू कपाळाला चोळतेस त्या बामचा. ते तू धुतलं नव्हतंस, कारण ते तुझ्या लेखी नुसतं बांधायचं फडकं होतं. मी जवळ जायला लागले, तर तो उठून पळायच्या बेतात आला, पण पळाला नाही. आधी त्याने फडकं तोंडात धरलं.

अंबूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुनाचं हाय वो ते?" मी म्हटलं, मालकिणीचं. त्या म्हणाल्या, "मंग तिलाच बोलवा की! सदरा कशाला धाडलाय?" आणि वळून धारा काढायला निघून गेल्या. जाताना त्यांचा चेहरा जरा उतरला होता.

मी बांधावर बसून राहिले आणि मला तुझं स्वयंपाकघर आठवत राहिलं. सुहासने हे पिल्लू घोरावाडी स्टेशनच्या बाकाखालून उचलून आणलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, "घरात हा राहील नाहीतर मी." पुढे मी जेव्हा जेव्हा आले, तेव्हा सुहास बाहेर पेपर वाचत असायचा आणि बंडू तुझ्या ओट्यासमोर, वाटेत आडवा. तू त्याला ओलांडून फ्रिजकडे जायचीस, ओलांडून परत यायचीस. हातात उकळती आमटी असली तरी. तू त्याला एकदाही उठवलं नाहीस. त्याला फिरायला नेणारा, लोकांसमोर "माझा बंडू" म्हणणारा सुहास होता. तू कशालाच "माझं" म्हणत नाहीस. शाळेतल्या हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात तुझा निळा स्वेटर अख्खा हिवाळा पडून होता. खूण सांगितली की सिस्टर देत होत्या. "नसेल माझा" म्हणत तू थंडीत कुडकुडलीस. तुझ्या आईची वीण मला काचेतूनही ओळखू येत होती.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, तर तू मध्येच सुहासचं नाव घेऊन फोन ठेवला असतास. पत्र मध्येच ठेवलं तरी ते परत उचलता येतं, म्हणून हे लिहिलं. बंडूला अंबूबाईंकडे ठेवायचं असेल तर ठेव. त्या त्याला जीव लावतील, त्याची मला खात्री आहे. पण ते त्यांना तुझ्या तोंडाने सांग आणि त्यासाठी टाकव्याला ये. सुहास गेल्यापासून त्या एका लग्नाखेरीज तू घराबाहेर पडली नाहीस, हे मला माहीत आहे. मी बुधवारी गाडी घेऊन दारात येईन. सकाळी आंघोळ करू नकोस, कालचीच साडी राहू दे, लोकांचं मी बघते. तिथे गेल्यावर त्याला हाक मारायची नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. गंजीकडे पाठ करून पेंढ्यावर नुसती बस. मी पलीकडच्या बांधावर असेन. वेळ लागेल. तो आधी लांबून वास घेईल, मग गोल फिरेल, मग तुझ्या मागे येऊन बसेल. तेव्हाही वळू नकोस. त्याने पाठीला नाक लावलं, की मग अंबूबाईंना जे सांगायचं असेल ते सांग.

तुझीच,
इंदू