सरळ रेघ आणि जाऊबाईंचा गाल

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? डोळे तपासून घेतलेस का? इकडे सगळं ठीक. माझा रक्तदाबसुद्धा तुझं पत्र येईपर्यंत ठीकच होता.

"फिल्मचा जमाना संपला, आता कॅमेऱ्याला हात लावणार नाही, तुझ्या कपाटातली माझी जुनी वाइड अँगल लेन्स विकत न्यायला रविवारी एक गृहस्थ येतील, देऊन टाक," असं तू लिहिलंस. वस्तू सदोष निघाली तर नाव आपल्या घराचं जाणार, म्हणून मी ती आधी तपासायची ठरवली. (जन्मभर भूमिती शिकवली, न तपासता मी काही पुढे सरकवत नाही.) कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याने लेन्सशेजारीच ठेवलेल्या तुझ्या त्या डबड्यासारख्या कॅमेऱ्याला ती लावून फिल्म भरून दिली, वर उपदेशही दिला.

आमची पुढची खोली तुला ठाऊक आहे. तिघं बसले की चौथ्याने उभं राहायचं. मी खिडकीला पाठ लावून कॅमेरा पोटाशी धरला, वरून काचेत डोकावले आणि गप्पच झाले. छत, जमीन, दार, दोन्ही कपाटं, पेपर वाचणारे हे, शेंगा सोलणाऱ्या मोठ्या जाऊबाई, सगळं काडेपेटीहून जरा मोठ्या काचेत ऐसपैस बसलं होतं. कुणाचं कोपर कुणाला लागत नव्हतं. या खोलीचा केर मी रोज काढते, पण ती अशी सबंध कधी पाहिलीच नव्हती. मी इतका वेळ बोलत नाही हे पाहून ह्यांनी पेपर खाली केला. "बरं वाटत नाहीये का तुला?"

त्या काचेत उजवं-डावं उलट दिसतं, हे तू कधी सांगितलं नाहीस. त्यामुळे मी हाताने दिशा दाखवत जाऊबाईंना जसजशी आत सरका म्हणेन तसतशा त्या बाहेर जाऊ लागल्या आणि शेवटी अगदी कडेला राहिल्या.

फोटो आल्यावर मी फूटपट्टी घेऊन बसले. दाराची चौकट कडेला आहे, आणि साधी लेन्स कडेची रेघ धनुष्यासारखी वाकवते असं स्टुडिओवाला म्हणाला होता. चौकटीला पट्टी लावली. सरळ. कपाटाला लावली, भिंतीला लावली. सरळ. तू पाटी-पेन्सिल हरवत होतास त्या काळात कुणीतरी काच घासून घासून ही रेघ साधली, आणि ती अजून तसूभर हललेली नाही. (तुझ्या भूमितीच्या वहीत अशी एक रेघ सापडली नव्हती.) मी तो फोटो हातातून खाली ठेवू शकले नाही.

जाऊबाईंनी मात्र तो झटकन ठेवला. "अगं, हा गाल आहे की उशी?" मी समजावलं, कडेची रेघ सरळ राखायची तर कडेचा चेहरा ताणला जातो, गणितच आहे ते. "म्हणजे तुझं दार सरळ राहावं म्हणून माझा गाल ओढलास होय?"

रविवारी ते गृहस्थ येऊन गेले. माणूस सभ्य वाटला.

तुझी,
ताई

ता. क. गृहस्थ फक्त चहा घेऊन गेले. लेन्स पडून फुटली असं मी त्यांना सांगितलं आहे. तुला फोन आला तर तूही तेच सांग, आणि न अडखळता सांग.

आणखी एक. लेन्स पोस्टाने मागू नकोस, मिळणार नाही. जाऊबाईंना मधोमध बसवून फोटो काढायचा आहे आणि ते माझं काम नव्हे. लवकर निघ. त्या रोज सकाळी केस विंचरून बसतात.