पोवळ्याला पाजलेली खळ

सुरत, मंगळवार, मे १९९६

काचेच्या टाकीतलं जिवंत पोवळं आज आणखी पांढरं पडलं, मरत चाललंय. ओख्याच्या समुद्रातून आणलं तेव्हा सगळं तपकिरी होतं, आता एकच फांदी तशी उरली आहे. माझं चुकलं कुठे? खारेपणा रोज मोजतो. इथल्या डुमसच्या समुद्राचं पाणी गढूळ, म्हणून कारखान्यातल्या कोऱ्या कापडाच्या चार पदरांतून गाळूनच टाकीत ओततो. सगळं वाचून स्वतः शिकलो, कुणाला विचारायला गेलो नाही.

संध्याकाळी हिने डोकावून विचारलं, "अहो, पाण्यावर हा फेस कसला? कापड धुवून घेतलं होतं ना?"

कापड धुवायचं मला सुचलंच नव्हतं. कोऱ्या कापडात सुताला लावलेली खळ असते. उभं आयुष्य मागावर काढलेल्या माणसाला हे बायकोने सांगावं? इतके दिवस मी पोवळ्याला खळ पाजत होतो!

ती फांदी अजून तपकिरी आहे. आहे ना? दिवा जवळ नेऊन पाहिलं. आहे.

"माझं जुनं पातळ घ्या," ही म्हणाली. "त्यात खळ औषधालासुद्धा सापडायची नाही. आणि तोंड पाडून बसू नका, भरती निघून जाईल."

सगळं पाणी बदललं आणि सोसलं नाही, तर ती फांदीही जाईल. न बदललं तर जाणारच. डबे सायकलला बांधलेत, पाणी आणायला डुमसला निघतो. टाकीला कुणाला हात लावू देत नव्हतो. आज हिलाच म्हटलं, येईपर्यंत तू बघ.