कच्चं पाणी

भिवंडी,
९ नोव्हेंबर १९९४

प्रिय कोंडू,

गुडघा कसा आहे? वज्रेश्वरीच्या कुंडात सकाळ-संध्याकाळ बसतोस ना? घाई करू नकोस. धर्मशाळेत मी सांगून ठेवलंय, महिनाभर खोली तुमचीच. शेवंतालाही विसावा, चार वर्षं वडप्याच्या त्या झोपडीत तिनं काय कमी सोसलं? तुझं पत्र पोचलं. बाकी खुशाली आणि शेवटी एकच ओळ, "दादा, माझ्या दोन गुंठ्यांचं काय केलंस?" सांगतो. पण आधी घरची गंमत ऐक.

हॉलमध्ये मी सहा फुटी फिशटँक बसवला. सहाशे लिटर पाणी! आपण खाडीकाठची माणसं, मासा पाहिला तो टोपलीत नाहीतर ताटात. तुझी वहिनी द्रौपदी पहिल्या दिवशीच म्हणाली, "कालवनाचं मासं काचंत ठेवून बघाचं?" निजामपुऱ्यातला हनीफभाई तुला आठवेल, आधी पॉवरलूमवर फिटर होता, आता मासे विकतो. त्यानं खडी पसरली, फिल्टर जोडला, पाणी भरलं आणि जाताना म्हणाला, "सेठ, पानी अभी कच्चा है. पहले पकने दो." मी दुपारी जेवायला घरी आलो, तर द्रौपदीनं तीन पातेली गॅसवर चढवलेली, पाणी रटरटतंय! मी ओरडलो तर माझ्यावरच उखडली, "तोच बोल्ला ना, पकवा म्हनून!" हनीफभाईला सांगितलं तर तो खाली बसून हसला.

मग त्यानं समजावलं. माशांच्या मुतातून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो; बर्फाच्या कारखान्यात डोळे झोंबतात तोच. त्यानं माशांचे कल्ले जळतात. तो खाणारे बारीक जंतू असतात, खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. पण ते त्याचं दुसरंच विष करून ठेवतात, नायट्राइट. मग ते खाणारे आणखी वेगळे जंतू यावे लागतात, ते त्याचं नायट्रेट करतात. त्यानं फारसं बिघडत नाही; थोडं पाणवनस्पती खातात, बाकीचं आठवड्याला चौथाई पाणी बदललं की गेलं. ही साखळी बसायला पाच-सहा आठवडे लागतात. स्पंज धुवायचा तोही टँकच्याच पाण्यात, नळाच्या नाही. ब्लीचिंगनं जंतू मरतात. आणि खरी मेख पुढेच आहे. नुसत्या स्वच्छ पाण्यात हे जंतू वाढत नाहीत. आधी कुणीतरी आत राहावं लागतं, घाण करावी लागते, आणि त्याच घाणीत तग धरावा लागतो.

त्यासाठी त्यानं आठ गुरामी आणून सोडले. "सख़्त जान है," म्हणाला. हा मासा वर येऊन हवेचा घोट घेतो, म्हणून टिकतो. दुसऱ्या आठवड्यात ते कोपऱ्यात गोळा झाले, कल्ले लाल. हनीफभाई म्हणत होता, रोज थोडं पाणी बदला, त्यांना आराम पडेल. वहिनीही मागे लागली, "अवं, मरतान ते!" मी हात लावू दिला नाही. पाणी बदललं की जंतूंचं खाणं कमी, म्हणजे काम लांबणार. आठातले पाच गेले.

तुझंच बघ. वडप्याची जागा घेतली तेव्हा जागेवर हक्क सांगणारी पलीकडची पार्टी रोज येऊन हद्दीचे खुंट उपटायची. वकील म्हणाले, जागेवर माणूस राहिला पाहिजे, चूल पेटली पाहिजे. तुझी लूम नुकतीच बंद पडली होती. मी म्हटलं, जा, राहा, कोपऱ्यातले दोन गुंठे तुझे. पहिल्या वर्षी त्यांनी विहिरीत रॉकेल ओतलं. तिसऱ्या वर्षी तुझा गुडघा फोडला. तू निरोप धाडलास, "महिनाभर घरी येतो, दादा." मी म्हटलं, आता हललास तर सगळं पाण्यात. नाही हललास. नाव काढलंस. शेवंता मात्र माझ्यावर दात धरून आहे. आषाढात मी तुमच्याकडे आलो, कुडाबाहेर चपला काढत होतो, तेव्हा ती तुला सांगत होती, "भावजींनी आपल्याला कुत्रं म्हनून बांधलंय, भाऊ म्हनून न्हाय." तू तिला गप्प केलंस. मी आत येऊन चहा प्यायलो. चहा चांगला होता, तिला सांग.

तर सहाव्या आठवड्यात हनीफभाईनं बाटलीत पाणी घेऊन थेंब टाकले. हिरवं झालं की विष, पिवळं राहिलं की बरं. पिवळं राहिलं! लगेच मुंबईहून सहा डिस्कस मागवले. बशीसारखे चपटे, निळ्या-लाल रेघांचे, भलते नाजूक. जगलेले तीन गुरामी मी हनीफभाईला परत न्यायला सांगितलं. तो म्हणाला, "सेठ, पानी तो इन्होंने बनाया. कोने में पड़े रहेंगे." मी म्हटलं, शोभत नाहीत. त्यानं पिशवी बांधली आणि चहा न पिताच गेला. भावनेचा माणूस, म्हणून दुकान लहान राहिलं.

आता तुझ्या ओळीचं उत्तर. जागेच्या दाव्यात पंचनाम्याला कचेरीतले साहेब आले तेव्हा त्यांनी विचारलं, "इथं वहिवाट कुणाची?" तू गुडघा धरून उभा राहिलास, माझ्याकडे पाहिलंस, आणि थोरल्यापुढे बोलायची आपली रीत सांभाळून म्हणालास, "सगलं दादाचंच हाय. मी निस्ता राखनीला." माझे कान तिखट, तुला ठाऊकच आहे. "वहिवाट माझी" एवढं म्हणाला असतास, तर ताबा तुझ्या नावावर लागला असता आणि मला तुझ्या दारात येऊन बसावं लागलं असतं. "राखणदार" हा शब्द मी साहेबांना तिथल्या तिथे लिहायला लावला, खाली तू सही केलीस. तू वज्रेश्वरीला निघालास त्याच आठवड्यात निकाल लागला. पलीकडची पार्टी बाद, ताबा माझा. परवा झोपडी पाडली. तुझे दोन गुंठे नेमके गोडाऊनचे ट्रक वळायच्या जागेत येतात, माझा इलाज नाही. तुमचं सामान द्रौपदीनं नीट बांधून आमच्या शेजारच्या कमळाबाईच्या पडवीत ठेवलंय, पाटा-वरवंटासुद्धा. हेच कळवायला पत्र लिहिलं, म्हणजे तुम्हाला हेलपाटा नको. परत याल तेव्हा भिवंडी स्टँडवरून वडप्याची गाडी धरू नकोस. तिथे नवा वॉचमन ठेवलाय, तो तुला ओळखत नाही.

तुझाच दादा,
दत्तू