नव्या जिल्ह्याची रोषणाई आणि पाण्याची वीज

श्री. वीरभद्रअप्पांस,

मुखेडजवळच्या आमच्या वाडीहून गुरुबसप्पाचा शरणार्थ. तुमचे गुडघे काय म्हणतात? लातुरात नळाला पाणी येतं, की नळ अजून शोभेलाच? तुमची बहीण सिद्धम्मा खुशाल आहे. माझ्याशी बोलत नाही एवढंच.

गावात सोलर बसलं, हे कळवलंच होतं. (समितीचा अध्यक्ष मीच. गाव विसरलं, तुम्ही विसरू नका.) त्याचं मशीन भलतंच शिस्तीचं. दिवसा उन्हावर गिरणी चालवतं, उरलेली वीज बॅटरीत साठवतं, संध्याकाळी घरोघर दिवे देतं आणि बॅटरीतला शेवटचा हिस्सा पाण्याच्या मोटरीसाठी राखून ठेवतं. या दुष्काळात बोअरला पाणी पहाटेच तेवढं असतं. उजाडल्यावर शिवारातल्या मोटरी सुरू झाल्या की बोअर कोरडं.

गेल्या सोमवारी बातमी आली, आपला तालुका नव्या जिल्ह्यात गेला. कुठून आली विचारू नका. चांगल्या बातमीची चौकशी करायची आमच्याकडे पद्धत नाही. संध्याकाळी मंडप, लायटिंगच्या माळा, चार भोंगे. मी भाषणाला उभा राहिलो आणि मशीननं अध्यक्षाचा मुलाहिजा न ठेवता वीज तोडली.

"पाण्याची वीज हाय ती, राहू द्या!" सिद्धम्मा बायकांतून ओरडली.

पण जिल्हा काय रोज होतो? मी मशीनचं बटण हातानं फिरवलं आणि बॅटरी संपेपर्यंत विकासावर बोललो. (मुख्य मुद्दा पाणी.)

पहाटे मोटर गप्प. शिवारातल्या मोटरींआधी ऊन निघालं तर चार घागरी तरी मिळतील म्हणावं, तर दोन महिने न फिरकलेले ढग त्याच सकाळी आले आणि एक थेंब न टाकता दुपारपर्यंत पॅनलवर सावली धरून बसले. गाव रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात. शेजारच्या रत्नम्माकडे सून बाळंत झालेली, तिच्यापुरतंही पाणी नाही, हे कळलं. मग पलीकडच्या वाडीच्या हापशावरून मी स्वतः डोक्यावर घागर आणली. माझ्या भाषणाला नव्हती एवढी गर्दी ते बघायला होती. त्याच गर्दीत मुखेडहून फोन आला, जिल्हा झालाच नाही.

सिद्धम्मानं बॅटरीच्या खोलीला आपलं कुलूप घातलं. "मशीनला अक्कल हाय. तुम्ही हात लावू नका," हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. आता पाण्याआधी कुणालाच वीज नाही. टाकी रोज भरते. या शिस्तीचं मी जाहीर स्वागत केलं आहे.

आपला,
गुरुबसप्पा

ता. क. : जिल्ह्याची बातमी पुन्हा आली आहे, या वेळी पक्की म्हणतात. तुमच्या ओळखीच्या मंडपवाल्याचा जनरेटर रविवारी पाठवा. सिद्धम्माला कळू देऊ नका.

आणखी ता. क. : अण्णा, पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं. जनरेटर पाठवू नको. रविवारी यांनाच तिकडं बोलावून घे. लातुरात ऐकायला माणसं लई हायेत. – सिद्धम्मा