सार्वजनिक रेंजखाली आलेला विठाबाईचा ओटा

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, शिरूर, जि. पुणे.

अर्जदार : श्रीमती विठाबाई खंडू ओव्हाळ, वय ६१, रा. बौद्धवस्ती, मौजे करंजदरा, ता. शिरूर.

विषय : गावाचे इंटरनेट अर्जदाराच्या ओट्यावर पडते म्हणून ओटा पाडण्याची नोटीस रद्द होण्याबाबत.

संदर्भ : ग्रामपंचायत करंजदरा यांची नोटीस, दि. ८ जून २००९ (मुदत पंधरा दिवस).

महोदय,

१. अर्जदार लग्न होऊन आल्यापासून वरील पत्त्यावर राहते. तिच्या घरापुढचा ओटा सात फूट बाय चार फूट असून तो तिचे मयत पती खंडू यांनी १९९६ साली बांधला. रांजणगावात एका कारखान्याच्या कुंपणाचे काम चालू असताना उरलेले दगड त्यांनी मुकादमाला विचारून, सायकलच्या कॅरिअरवर रोज दोन-दोन असे आणले. त्यावर इंटरनेट येईपर्यंत बाजरी पाखडणे, पापड वाळवणे व संध्याकाळी टेकणे यापलीकडे कोणतेही शासकीय काम झालेले नव्हते. तेव्हा कोणाची तक्रारही नव्हती.

२. गेल्या फेब्रुवारीत गावाला बिनतारी इंटरनेट मंजूर झाले. ग्रामपंचायतीच्या छतावर खांब उभा राहिला व मेकॅनिकने त्यावर एक पांढरा डबा बसवला. डब्याचे तोंड जिकडे, तिकडेच इंटरनेट जाते, हे त्याने सर्वांना नीट समजावले आणि तोंड पश्चिमेला, म्हणजे गावठाणाकडे केले. तथापि उद्घाटनाच्या सकाळी मा. सरपंच हौसरावआप्पा यांच्या ध्यानात आले की, शुभकार्याचे तोंड पूर्वेला हवे. मेकॅनिक परप्रांतीय असल्याने त्यास ही बाब कळेना. तो म्हणाला, "साहब, फिर गाँव में नहीं आएगा." आप्पा म्हणाले, "दिवा लावला का उजेड समदीकडं पडतुया. फिरीव तू." डबा फिरला. त्यास कुंकू लावून, नारळ फोडून, लिंबू-मिरची बांधण्यात आली. गावाच्या पूर्वेला काय आहे, हे त्या गर्दीत कोणी विचारले नाही. पूर्वेला, ओढ्याच्या पलीकडे, बौद्धवस्ती आहे. ती तिथे का बसवली गेली, हे महोदय जाणतातच.

३. उद्घाटनानंतर आठ दिवस गावठाणात इंटरनेट आले नाही. सरपंचांचा नातू स्वराज, जो इंजिनीअरिंगला आहे, लॅपटॉप दोन्ही तळव्यांवर नैवेद्याच्या ताटासारखा धरून गल्लोगल्ली फिरला. मारुतीपाशी एक काडी, डेअरीपाशी तीही नाही. अखेर ओढा ओलांडून तो अर्जदाराच्या ओट्यावर चढला आणि ओरडला, "आप्पा, हितं फुल्ल हाय!" अलीकडच्या काठावरून आप्पांनी विचारले, "हितं म्हंजी कुठं?" वास्तविक आप्पांना गावातला बांध न् बांध तोंडपाठ आहे.

४. डबा परत फिरवावा, असे अर्जदाराची नात गौतमी हिने ग्रामसभेत सुचवले. "पूजा झालेला डबा हलवायचा न्हाई, आन् आता तर इलेक्शन तोंडावर हाय," असे उत्तर मिळाले. सबब गावच ओढा ओलांडून येऊ लागले. सातबारा, कांद्याचे भाव, भरतीचे फॉर्म, सगळे ओट्यावर. सुरुवातीला मंडळी अंथरायला आपापले पोते व चहाचा थर्मास घेऊन येत. परंतु एक पान उघडेपर्यंत एक थर्मास संपतो, असा अनुभव आल्यावर एके दिवशी आप्पाच म्हणाले, "विठाबाई, टाक की च्या. ह्ये अजून गरागरा फिरतंय." अर्जदाराने त्यांच्या मळ्यात तीस वर्षे कांदा काढला. तिथे तिला चहा कान तुटलेल्या वेगळ्या कपात मिळे आणि हाक 'खंडूची बायको' अशी येई. तिला स्वतःचे नाव आहे, हा शोध इंटरनेटमुळे लागला. आप्पा तो चहा बशीत ओतून प्याले. अर्जदारास त्या दिवशी फार बरे वाटले, हे ती लपवत नाही.

५. बारावीच्या निकालाला ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सरपंचांची नात सुलक्षणा हिला अठ्ठावन्न टक्के पडले. आप्पांच्या मंडळी सोजराबाई स्वतः पेढे घेऊन आल्या व त्यांनी अर्जदाराच्या हातावर वीतभर वरून पेढा टाकला. गौतमीचा निकाल ग्रामपंचायतीचा लॅपटॉप मिटण्याआधी सर्वांत शेवटी पाहिला गेला, कारण ओटा ज्यांचा त्यांनी रांगेत मागे राहावे असे ठरले होते. तिला एकोणऐंशी टक्के आहेत. त्याचे पेढे अद्याप वाटायचे आहेत.

६. अशातच संदर्भीय नोटीस आली. तिचा आशय असा की, इंटरनेट सार्वजनिक आहे, सबब ते जिथे पडते ती जागाही सार्वजनिक आहे आणि तिथे अर्जदाराचा ओटा हे अतिक्रमण होय. ओटा पाडून त्या जागी 'सार्वजनिक इंटरनेट कट्टा' बांधायचा असून त्यास सरपंचांच्या वडिलांचे नाव द्यायचे आहे. अर्जदाराच्या घराला मागचे दार नाही. कट्टा झाल्यावर तिने घरात कोठून शिरावे, याबाबत नोटीस मौन बाळगते. शिवाय ऊनही सार्वजनिकच असून ते आप्पांच्या बंगल्याच्या गच्चीवर भरपूर पडते. त्या गच्चीला अद्याप नोटीस गेल्याचे ऐकिवात नाही.

७. आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय अर्जदाराचा जीव शांत होणार नाही. कट्ट्याचा प्रस्ताव व या नोटिशीचा मसुदा ग्रामसेवक भाऊसाहेबांनी महोदयांच्या कार्यालयास ई-मेलने पाठवला. गावात इंटरनेट दुसरीकडे कोठे येतच नसल्याने तो त्यांनी अर्जदाराच्याच ओट्यावर बसून पाठवला. दुपारची वेळ होती, पडद्यावर ऊन येऊन अक्षर दिसेना, म्हणून अर्जदार अर्धा तास त्यांच्या डोक्यावर गोणपाट धरून उभी राहिली. तिला वाचता येत नाही. तिने विचारले, "कशाचं हाय वो भाऊसाहेब?" ते म्हणाले, "तुमच्या भल्याचंच हाय, आजी." त्यांनी दोन कप चहा घेतला.

८. तरी डबा पश्चिमेला फिरवावा, किंवा पूर्वेलाच ठेवावा, अर्जदाराची हरकत नाही. खंडूचा ओटा मात्र जागेवर राहू द्यावा. गौतमीचा नर्सिंगचा फॉर्म भरण्याची मुदत ३० जून असून तो याच ओट्यावरून भरायचा आहे. आपला निर्णय कृपया टपालाने कळवावा. ओटा राहिल्यास गावाने खुशाल येऊन बसावे, चहाही मिळेल.

गोणपाट मात्र अर्जदार यापुढे धरणार नाही.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

विठाबाई खंडू ओव्हाळ
(अंगठ्याची निशाणी)

लिहिणार : गौतमी, अर्जदाराची नात
करंजदरा, दि. १५ जून २००९

सोबत :
१) नोटिशीची झेरॉक्स.
२) ओट्याचा फोटो. (हातात बशी असलेले गृहस्थ मा. सरपंच आहेत.)