देवजीची प्रॉक्सी

१ डिसेंबर
कॉलेजचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. कायमचा! बाबासो गेल्याची बातमी आली तर खाली नुसते जोडलेले हात, आणि लगेच कुणाचा तरी मूळव्याधीवरचा उपाय. हे काय रडणं? मी मरणाला भाव देत नाही. दिला की ते डोक्यावर बसतं.

४ डिसेंबर
शर्मिलाचा मेसेज. तेव्हाही मॉनिटर, आताही मॉनिटर. २१ ला बेलापूरला बॅचचं गेट-टुगेदर. सुरुवातीलाच, बॅचमधल्या गेलेल्यांची नावं वाचून दोन मिनिटं मौन.
मौन? देवजीला?
देवजी म्हणजे घणसोली गावचा देवजी पाटील. कँटीनमध्ये बसलेल्या अख्ख्या गँगची प्रॉक्सी हा वर्गात एकटा द्यायचा, प्रत्येकाचा आवाज वेगळा. शेवटी दवाखान्यात मला म्हणाला होता, गोट्या, मी गेलो तं मौन नको रं, हजेरी लाव.
ठरलं. एकेक नाव वाचलं की मी ओरडणार, प्रेझेंट सर! शर्मिलाला उत्तर देणार नाही. फोनही उचलणार नाही. सरप्राईज.

९ डिसेंबर, सकाळी
गच्चीत सराव. बाबासोचा आवाज उत्तम. यादीतल्या मालतीचा किंचित किनरा. देवजीपाशी घसा धरला. कबुतरांची धूळ. सोसायटीला तक्रार करणार. वॉचमन वर येऊन म्हणाला, काका, कोनाला शोधताय?

१३ डिसेंबर
घणसोलीला जाऊन देवजीच्या बायकोला, विमलबाईंना, आमंत्रण दिलं. त्या म्हणाल्या, भावजी, नुसतं मौन असंल तं मी येनार नाय, त्यांना गप बसलेलं बघवत नाय मला. मी छाती ठोकून शब्द दिला. त्या येणार.
शर्मिलाचे मिस्ड कॉल येताहेत. येऊ देत.

१८ डिसेंबर
उज्वला म्हणते, रात्री झोपेत प्रेझेंट सर म्हणता आणि रडता. बायकोला काहीही ऐकू येतं. उद्यापासून मिठाच्या गुळण्या.

२१ डिसेंबर, संध्याकाळी
हॉलच्या एसीने घसा बसला. हे आधी लिहून ठेवतो.
मफलर गुंडाळून विमलबाईंशेजारी मागच्या रांगेत बसलो. शर्मिलाने ओळखलं नाही. समोसा खाल्ला. सगळे उभे राहिले, नावं सुरू झाली. बाबासो. म्हटलं, पुढच्यापासून. मालती. म्हटलं, ताकद राखून ठेवू. मग देवजी. विमलबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. आवाजच नाही. डोळ्यांतून पाणी मात्र भरपूर.
आणि मग शर्मिलाने जड आवाजात वाचलं, गोटीराम साळवे.
ग्रुपवर नाही, उत्तर नाही, फोन उचलत नाही. मी गेलोच, असं ती धरून चालली. सगळ्यांनी माझ्यासाठी माना खाली घातल्या. सवयीने मीही घातली. तरी आवाज फुटेना.
शेवटी विमलबाईच ओरडल्या, अवो, हजर हायत! हे काय, माज्या बाजूला उभे राहून रडतात!
अख्खा हॉल हसला. शर्मिला तर हसता हसता रडायलाच लागली.

२२ डिसेंबर
घसा ठणठणीत. उज्वलाने विचारलं, दिलात का मग आवाज? म्हटलं, मौन मोडलं की नाही ते विचार.
ग्रुपमध्ये परत घे म्हणून शर्मिलाला मेसेज केला.
कॉलेजात माझी हजेरी देवजी लावायचा. अजूनही त्याच्याच घरातून लागते.